पानावरचा ठिपका कोणाचा?

पनवेलमधल्या जुन्या घरांच्या परसात, नेरे-मालडुंग्याकडच्या गावांत, अगदी नवीन पनवेलच्या सोसायट्यांच्या कुंपणाशीही कागदी लिंबाचे एखादे झाड असतेच. मे महिन्यापर्यंत त्याची तक्रार नसते. जूनमध्ये पावसाने जोर धरला की कोवळी पालवी फुटते आणि जुलै संपता संपता त्या पालवीवर तपकिरी, हाताला खरखरीत लागणारे ठिपके उठतात. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणते करपा आला, कोणी म्हणते जमिनीत लोह कमी आहे, कोणी अळीवर संशय घेते. दुकानदार बुरशीनाशकाची पुडी हातात ठेवतो. फवारणी होते, ठिपके मात्र हटत नाहीत. पुढच्या महिन्यात तेच खडबडीत ठिपके लिंबाच्या सालीवर दिसू लागतात.

कोडे असे, की त्याच परसातल्या आंब्याच्या मोहोरावर हीच पुडी मारली होती तेव्हा तिचा उपयोग झाला होता. औषध तेच, पाणी तेच, पंपही तोच. मग लिंबावर ते का चालले नाही?

कारण लिंबावरचे ठिपके बुरशीचे नसून जिवाणूचे असतात. खैऱ्या नावाने शेतकरी ओळखतात तो हाच रोग. बुरशीला मारणारी बरीचशी औषधे बुरशीच्या पेशीतल्या अशा कामांवर घाव घालतात, जी कामे जिवाणूच्या पेशीत होतच नाहीत. त्यामुळे डाग दिसला की फवारा, हा क्रम उलटा आहे. आधी डाग कोणाचा हे ठरवायला हवे, आणि त्यातले बरेचसे काम डोळे, भिंग आणि थोडा धीर एवढ्यावर होते.

डाग पाडणारे पुष्कळ आहेत

झाडाच्या पानाला दुःख सांगायच्या फार थोड्या रीती आहेत. ते पिवळे पडते, तपकिरी होते, वाळते, वाकडे होते किंवा गळते. कारणे मात्र डझनावारी असतात. उरण-पनवेलच्या खाडीलगतच्या खार जमिनीतले उदाहरण घ्या. तिथे क्षार मुळांतून वर चढतात आणि पानाच्या कडा बाहेरून आत करपत येतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो रोगच वाटतो. ही जमीन इतकी वेगळी, की तिच्यासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र पनवेललाच आहे. ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ हे क्षार सोसणारे भाताचे वाण तिथलेच. अशा जागी कडा जळालेले पान घेऊन रोगाचे औषध विचारण्यात अर्थ नसतो.

उन्हाने पडलेला डाग फळाच्या उन्हाकडच्या बाजूलाच असतो. अन्नद्रव्य कमी पडले तर पानाच्या दोन्ही अर्ध्या भागांत सारखीच नक्षी उमटते आणि ती झाडावरच्या एकाच वयाच्या बहुतेक पानांवर दिसते. अळीने पोखरलेल्या पानात चंदेरी, नागमोडी वाट दिसते. सजीव रोगकारकाचा डाग असा नेमस्त नसतो. तो इथे एक, तिथे चार, एका फांदीवर भरपूर आणि शेजारच्या फांदीवर नावालाही नाही, असा विखुरलेला असतो. दिवसागणिक वाढतो आणि पसरतो. एवढे दिसले की प्रश्न उरतो तो बुरशी की जिवाणू हा.

जिवाणूला दार लागते आणि पाणी लागते

बुरशी धाग्यांनी वाढते. तिच्या कित्येक जाती पानाच्या साबूत त्वचेला टोचून, दाब देऊन आत घुसू शकतात. जिवाणूला ते जमत नाही. तो एका पेशीचा जीव, लांबीला एक-दोन मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेत पाचशे ते हजार मावतील एवढा. त्याला आत शिरायला आयते दार लागते. पानाच्या खालच्या बाजूला श्वासोच्छ्वासासाठी असलेली सूक्ष्म पर्णरंध्रे, काट्याचा ओरखडा, अळीने केलेली वाट, छाटणीची ताजी जखम, ही त्याची दारे.

दारापर्यंत जायला त्याला पाणी लागते. रोगट पानावर पावसाचा थेंब आपटतो, त्याचे तुषार उडतात आणि त्या तुषारांतून जिवाणू शेजारच्या पानावर पोचतात. वारा नसेल तर ते फार लांब जात नाहीत. पण वाऱ्याचा वेग सेकंदाला आठ मीटरच्या वर गेला की पाणी पर्णरंध्रांतून अक्षरशः आत रेटले जाते, आणि खैऱ्याची लागण अशा वाऱ्यापावसात सर्वांत जास्त होते. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर. नेमक्या त्याच दिवसांत लिंबाची पालवी कोवळी असते. जुन्या, टणक झालेल्या पानाला खैऱ्या सहसा नव्याने लागत नाही. अर्धेमुर्धे वाढलेले पान त्याला सर्वांत सोपे. पाऊस, वारा आणि पालवी असा योग देशावर क्वचित जुळतो, कोकणात तो दरवर्षी जुळतो.

आत शिरल्यावर काय होते, हे समजले तर अर्धी ओळख तिथेच पटते. पानाच्या आत पेशी एकमेकींना खेटून भरलेल्या नसतात, त्यांच्यामध्ये हवेच्या पोकळ्या असतात. पान अपारदर्शक दिसते त्यात या पोकळ्यांचा मोठा वाटा आहे, कारण पेशी आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश विखुरतो. जिवाणू याच पोकळ्यांत मुक्काम करतात. ते शेजारच्या पेशींना गळते करतात, पेशींतले पाणी आणि क्षार बाहेर येतात आणि पोकळ्या पाण्याने भरतात. भजी ज्या वर्तमानपत्रावर काढून ठेवतो त्या कागदाचे काय होते ते आठवा. तेल लागलेला भाग उजेडाकडे धरला की पलीकडचे दिसू लागते. कागदाच्या तंतूंमधली हवा जाऊन तिथे तेल भरले, प्रकाश विखुरणे थांबले, एवढेच घडलेले असते. रोगट पानात तेलाच्या जागी पाणी असते, बाकी प्रकार हाच.

म्हणून जिवाणूजन्य रोगाचा पहिला ठिपका ओलसर, तेलकट आणि अर्धपारदर्शक असतो. तो पाहण्याची वेळ सकाळची, दव वाळण्याआधीची. पान तोडून सूर्याकडे धरायचे आणि खालच्या बाजूने पाहायचे. टाचणीच्या डोक्याएवढे काचेसारखे ठिपके दिसले तर जिवाणूचा संशय पक्का धरावा. दुपारच्या उन्हात हेच ठिपके कोरडे, तपकिरी आणि कुठल्याही इतर डागासारखे दिसतात. माझ्या मते निदानातल्या निम्म्या चुका दुपारी पान पाहिल्यामुळे होतात.

वाढीचा वेगही ध्यानात घ्यावा. दर दोन तासांनी दुप्पट व्हायचे ठरवले तर एका जिवाणूचे चोवीस तासांत चार हजारांवर जिवाणू होतात. पानात गती थोडी कमी असली तरी आठवड्याभरात एका ठिपक्यात लाखो जिवाणू असतात, आणि पुढच्या पावसाचा थेंब त्यांना बाहेर काढायला तयार असतो.

खैऱ्या: ठिपका उंचावतो का?

लिंबावरच्या खैऱ्याचा जिवाणू झँथोमोनास कुळातला. तेलकट ठिपक्यानंतर काही दिवसांत तो भाग फुगतो, पानाच्या दोन्ही बाजूंनी वर येतो, मधोमध फाटतो आणि खोलगट, बुचासारखा कोरडा होतो. भोवती पिवळे वलय असते आणि वलयाच्या आतल्या कडेला ओलसर, तेलकट रेघ. फळावर वलय कधी दिसते, कधी नाही, पण खडबडीत खपली दिसतेच. काटे आणि कोवळ्या फांद्यांवरही खपल्या येतात. त्या फांद्यांवरच्या खपल्यांतच जिवाणू पुढच्या पावसाळ्याची वाट पाहतो.

ठिपका फुगतो का, याचे उत्तर मोठे रंजक आहे. हा जिवाणू सुईसारख्या एका सूक्ष्म नळीतून आपली प्रथिने थेट झाडाच्या पेशीत सोडतो. त्यातले एक प्रथिन पेशीच्या केंद्रकापर्यंत जाते आणि लिंबाचीच काही जनुके सुरू करते. परिणामी पेशी मोठ्या होतात, वाढत सुटतात आणि वरची त्वचा फाडतात. त्वचा फाटली की आतले जिवाणू उघड्यावर येतात. म्हणजे खपली हे झाडाने जखमेवर धरलेले कवच नाही. बाहेर पडण्यासाठी जिवाणूने झाडाकडूनच करून घेतलेली ती सोय आहे.

खवल्यासारखे उंच डाग पाडणारी एक बुरशीही लिंबूवर्गात असते. पण तिचे डाग बहुधा पानाच्या एकाच बाजूला उंच असतात, दुसऱ्या बाजूला तिथे खळगा दिसतो, आणि तेलकट कड व पिवळे वलय नसते. बोट दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिले की फरक कळतो. पाने पोखरणाऱ्या अळीच्या नागमोडी वाटेवरच ठिपक्यांची माळ लागलेली असेल तर दोघेही हजर आहेत असे समजावे: अळीने दार उघडले आणि जिवाणू आत गेला. लिंबूवर्गातली सगळी झाडे त्याला सारखी बळी पडत नाहीत. कागदी लिंबू आणि पपनस नाजूक, मोसंबी मध्यम, संत्रे बरेच सोशिक. शेजारी उभ्या असलेल्या संत्र्यावर काही नाही आणि लिंबू मात्र भरले आहे, हे दृश्य खैऱ्याच्या बाजूनेच साक्ष देते.

हा रोग मूळचा आपल्याच भागातला असावा, असे मानण्याला एक जुना पुरावा आहे. फॉसेट आणि जेन्किन्स या अमेरिकी संशोधकांनी १९३३ साली लंडनजवळच्या क्यू उद्यानातले वाळवून ठेवलेले नमुने तपासले. १८२७ ते १८३१ च्या दरम्यान भारतात गोळा केलेल्या महाळुंगाच्या पानांवर त्यांना खैऱ्याच्या खपल्या सापडल्या. शंभर वर्षे कागदात दाबून ठेवलेल्या पानावरचा ठिपकाही ओळखता येतो, तो त्या खपलीच्या ठरावीक घडणीमुळे. पुढे हा रोग जगभर गेला. अमेरिकेतल्या फ्लोरिडात १९९५ मध्ये मायामीच्या घरांच्या अंगणांत तो पुन्हा आढळला, आणि पुढे काही वर्षांनी रोगट झाडाभोवती १९०० फुटांच्या परिघातली सगळी लिंबूवर्गीय झाडे, निरोगी दिसणारीही, तोडण्याचा नियम झाला. अंगणातली झाडे वाचवायला लोक कोर्टात गेले. २००४ आणि २००५ च्या चक्रीवादळांनी रोग इतका पसरवला, की २००६ मध्ये ती मोहीमच सोडून द्यावी लागली.

आंबा: करपा की जिवाणू?

आंब्यावरच्या काळ्या डागांना सरसकट करपा म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघते. पण आंब्याला काळे डाग पाडणारा एक जिवाणूही आहे, आणि त्याची भारतातली ओळख पुण्यात पटली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम. के. पटेल आणि त्यांचे सहकारी वनस्पतींच्या जिवाणूजन्य रोगांचा पद्धतशीर अभ्यास करत होते. पटेल, मोनिझ आणि कुलकर्णी यांनी १९४८ साली आंब्यावरच्या या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी दिलेल्या नावातला ‘मँजिफेरी-इंडिकी’ हा भाग आजही त्या जिवाणूच्या नावात टिकून आहे, कुळ मात्र बदलून झँथोमोनास झाले.

दोन्हींत फरक कसा करायचा? पानावर पाहा. जिवाणू पेशींमधल्या पोकळ्यांतून सरकतो आणि शिरा आली की अडतो. म्हणून त्याचे डाग कोनाकोनांचे, शिरांनी कापल्यासारखे, काळे, किंचित उंच आणि चकाकणारे असतात. भोवती बहुधा पिवळे वलय. करप्याच्या बुरशीचे धागे शिरेला जुमानत नाहीत. तिचे डाग गोलसर किंवा वेडेवाकडे पसरतात, एकमेकांत मिसळतात आणि मधला भाग वाळून गळून पडतो.

फळावरचा फरक आणखी उपयोगी. जिवाणूचा डाग झाडावर असतानाच, कच्च्या कैरीवर दिसतो. तेलकट ठिपका काळा होतो, उंचावतो, चांदणीसारखा फाटतो आणि चिरेतून चिकट स्राव येतो. करपा मात्र लपून बसतो. बुरशीची लागण कैरी लहान असताना होते, पण ती सालीत निपचित पडून राहते. आंबा अढीत घातला, पिकायला लागला, की काळे, किंचित खोलगट डाग वर येतात. मे महिन्यात पनवेलच्या बाजारातून स्वच्छ दिसणारी पेटी आणावी आणि चार दिवसांत ती डागाळावी, हा अनुभव जवळजवळ नेहमी करप्याचाच असतो. विक्रेत्याने खराब माल दिला असे त्यातून लगेच म्हणता येत नाही; पेटी भरताना त्यालाही ते दिसलेले नसते.

शंका उरली तर एक सोपी तपासणी आहे. डागाळलेले पान ओल्या टिपकागदाबरोबर डब्यात झाकून दोन-तीन दिवस ठेवावे. बुरशी असेल तर डागावर कापसासारखे धागे किंवा गुलाबी-नारिंगी बीजाणूंचे ठिपके येतात. जिवाणू असेल तर तसे काहीच येत नाही. फार तर डागाभोवती चिकट ओल वाढते.

चौकट: झाडासमोर उभे राहून

सकाळी, दव असताना पान उजेडाकडे धरा: ठिपका तेलकट, पारदर्शक आहे का?
ठिपक्याची कड शिरेला अडते का, की शीर ओलांडून जाते?
बोट फिरवा: दोन्ही बाजूंनी उंच की एकाच बाजूने?
भिंगातून काळे टोकदार ठिपके, पूड किंवा धागे दिसतात का? दिसले तर बुरशी.
दोन्ही अर्ध्या पानांत नक्षी सारखी असेल तर आधी अन्नद्रव्यांचा विचार करा.
पहिला डाग जोराच्या वाऱ्यापावसानंतर आठवडा-दोन आठवड्यांत आला का?

तेल्याने शिकवलेले

डाळिंबाचा उल्लेख टाळून महाराष्ट्रात हा विषय संपूच शकत नाही. डाळिंबावरचा जिवाणूजन्य करपा भारतात पहिल्यांदा १९५२ साली दिल्लीला नोंदला गेला. अनेक वर्षे तो किरकोळच होता. २००० नंतरच्या दशकात मात्र त्याने सोलापूर, सांगली, नाशिककडच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि तेल्या हे नाव घराघरात पोचले. २००५ मध्ये सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले. फळावरच्या तेलकट डागावर एल किंवा वाय आकाराची चीर पडते, आणि एवढ्या एका खुणेवरून डाळिंबवाला लांबूनही रोग सांगतो. पानावर करपा आहे की भुरी यावर वाद घालणारा शेतकरी तेल्याबद्दल मात्र चुकत नाही.

इथे ओळखीचा उपयोग औषधापुरता राहिला नाही. रोग पाण्यातून पसरतो हे एकदा पटल्यावर बहाराचाच विचार बदलला. मृग बहाराची फळे पावसात वाढतात, म्हणून तेल्या असलेल्या बागेत तो टाळून पावसानंतरचा हस्त बहार किंवा जानेवारीच्या सुमारासचा आंबे बहार धरण्याचा सल्ला दिला जातो. झाडाला विश्रांती देणे, छाटणीच्या सिकेटरला प्रत्येक झाडानंतर जंतुनाशकात बुडवणे, रोगट फळे बागेबाहेर नेऊन जाळणे, रोपे निरोगी मातृवृक्षांवरूनच घेणे, हे सगळे ‘हा जिवाणू आहे’ या एका वाक्यातून निघालेले उपाय आहेत. कीटक पसरवत असता तर यांतले निम्मे निरुपयोगी ठरले असते.

प्रयोगशाळेत काय करतात?

ग्लासभर पाण्यात कापलेली फांदी लोंबकळत धरायची आणि दुधट धागा निघतो का पाहायचे, ही परीक्षा बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. ती खरी आहे, पण ती मर रोगासाठी. तिथे जिवाणू पाणी वाहणाऱ्या नळ्यांत ठासून भरलेले असतात, म्हणून कोकणात वांग्याच्या मर रोगात ती पाच मिनिटांत निकाल देते. पानावरच्या ठिपक्यात जिवाणू थोड्या जागेत असतात. साध्या डोळ्यांना धागा दिसत नाही. तिथे सूक्ष्मदर्शक लागतो. ठिपक्याच्या कडेचा बारीक तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला, की कापलेल्या कडेतून जिवाणूंचा धुरकट लोट बाहेर वाहताना दिसतो. बुरशीच्या डागातून असा लोट येत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शकही याला पुरतो, आणि कृषी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला एकदा हे दृश्य दिसले की तो ते विसरत नाही.

पुढची पायरी जिवाणू वेगळा करण्याची. तुकडा निर्जंतुक पाण्यात कुटून ते पाणी अगारच्या थाळीवर पसरतात. झँथोमोनास असेल तर दोन-तीन दिवसांत पिवळ्याधमक, फुगीर, बुळबुळीत वसाहती येतात. पिवळेपणा त्याच्या स्वतःच्या रंगद्रव्याचा, बुळबुळीतपणा त्याने स्रवलेल्या साखरेच्या लांब साखळ्यांचा. त्याच कुळातल्या, कोबीवर काळी कूज आणणाऱ्या जिवाणूपासून ही बुळबुळ कारखान्यात काढतात, आणि ती झँथन गम म्हणून आइस्क्रीमपासून सॉसपर्यंत कुठेही आपल्या पोटात जाते.

मग छोट्या चाचण्या. वसाहतीचा कण तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात घोटला आणि सुई उचलताच तार निघाली, तर जिवाणू पातळ भिंतीच्या गटातला. झँथोमोनास याच गटात येतो. तंबाखूच्या पानात जिवाणूचे पाणी टोचले आणि दिवसाभरात तेवढाच पट्टा वाळला, तर तो झाडांना रोग करणारा आहे, निव्वळ कुजक्यावर जगणारा नाही. तंबाखू आपल्या पेशी मारून परक्याला तिथेच कोंडते. हंगेरीच्या क्लेमेंट यांची १९६३ सालची ही युक्ती अजून वापरात आहे. शेवटी तोच जिवाणू निरोगी लिंबावर सोडून तेच ठिपके येतात का, आणि त्यातून तोच जिवाणू परत मिळतो का, हे पाहतात. आता जनुकांवरून काही तासांत निकाल देणाऱ्या चाचण्या आहेत, पण नवा रोग जाहीर करायचा तर ही शेवटची कसोटी सुटत नाही.

थाळीवर न वाढणारा

या साऱ्या पद्धती एका रोगापुढे हतबल होतात. लिंबूवर्गातला ग्रीनिंग. झाड हळूहळू निस्तेज होते, फांद्या शेंड्याकडून वाळतात, फळे लहान, वाकडी आणि खालच्या बाजूने हिरवीच राहतात. आपल्याकडे याला दीर्घकाळ अन्नद्रव्यांचा अभाव, जमिनीचा दोष, असे काहीबाही समजले जाई. १९६७ साली पुण्याच्या संशोधकांनी, कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी, सिट्रस सायला हा चिमुकला रस शोषणारा कीटक हा रोग पसरवतो हे दाखवले. मात्र रोगकारक विषाणू आहे, असेच तेव्हा सगळे धरून चालले होते. १९७० मध्ये फ्रान्समधल्या लाफ्लेश आणि बोव्हे यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात झाडाच्या अन्न वाहणाऱ्या नळ्यांत जिवाणूसारखी शरीरे दिसली. त्याची जनुकीय ओळख पटायला १९९४ उजाडले. तो थाळीवर नेमाने वाढवता येत नाही, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावाआधी आजही ‘उमेदवार’ या अर्थाचा लॅटिन शब्द लावतात.

बागेत मात्र याची एक ओळख बॉलपेनने होते. पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर, सारख्या आकाराची दोन वर्तुळे काढायची आणि आतली पिवळी-हिरवी नक्षी ताडून पाहायची. दोन्हींत सारखी असेल तर जस्त किंवा लोह कमी असण्याची शक्यता जास्त. वेगवेगळी, गबाळी असेल तर ग्रीनिंगचा संशय घेऊन पान तपासायला पाठवायचे. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत जनुकीय चाचणीची सोय आहे. खात्री झाली तर झाड वाचवायच्या नादी लागू नये. ते काढायचे आणि सायलाचा बंदोबस्त करायचा.

ओळखल्यानंतर, आणि ओळख पटत नसेल तर

परसातल्या लिंबावर खैऱ्याच असल्याचे ठरले, तर पावसाआधी, कोरड्या हवेत रोगट फांद्या छाटून जाळाव्यात, सिकेटर स्पिरिटने पुसत जावे, आणि पालवी फुटताना एक टक्का बोर्डो मिश्रण किंवा दुसरे ताम्रयुक्त औषध फवारावे. तांबे पानाच्या पृष्ठभागावर आलेल्या जिवाणूला मारते. आत शिरलेल्याला नाही. म्हणून ठिपके दिसल्यावर फवारणे म्हणजे पुढच्या पालवीसाठी फवारणे, आहे ते पान बरे होत नाही. प्रतिजैविकांच्या पुड्यांचा मोह टाळलेला बरा. तीच औषधे माणसाच्या आजारांवर लागतात, जिवाणू त्यांना सरावतात, आणि शेतीत ती वापरण्यावर बंदी आणण्याच्या दिशेने केंद्र सरकारने २०२१ मध्ये पाऊलही टाकले आहे.

ओळख पटत नसेल तर नमुना तालुका कृषी अधिकारी कार्यालयामार्फत किंवा थेट दापोलीच्या विद्यापीठातल्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे पाठवता येतो. पण नमुना नीट हवा. पूर्ण वाळलेली पाने निरुपयोगी. ताजा, तेलकट ठिपका असलेली आणि अर्धा भाग निरोगी असलेली पाने घ्यावीत, वरचे पाणी टिपून कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून कागदी पाकिटात घालावीत. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नयेत. सोबत चिठ्ठी: झाड कोणते, कलम की रोप, डाग पहिल्यांदा कधी दिसले, त्याआधी पाऊस केव्हा झाला, झाडाच्या कोणत्या बाजूला डाग जास्त आहेत, काय काय फवारले. शेवटचा मुद्दा लोक लाजून लपवतात, आणि फवारलेल्या तांब्यामुळे थाळीवर काहीच उगवत नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाठवू नये. शनिवार-रविवार पाकिटात राहिलेले पान सोमवारी कुजलेले निघते, आणि कुजलेल्या पानावर मूळ जिवाणूपेक्षा मागाहून आलेले कुजवणारे जिवाणूच जोमाने वाढतात. मग प्रयोगशाळेला वेगळे करता येतात ते तेच.